उरलेले तीन महिने : अपुऱ्या दिवसांच्या बाळाची हाडं आणि आपली जबाबदारी

प्रस्तावना

पूर्ण दिवसांचं बाळ जन्माला येतं तेव्हा त्याच्या अंगात साधारण ३० ग्रॅम कॅल्शियम आणि सुमारे १६ ग्रॅम फॉस्फरस असतो. त्यातलं ९९ टक्के कॅल्शियम आणि ८५ टक्क्यांच्या आसपास फॉस्फरस हाडांत असतो. हा साठा नऊ महिने सारख्या गतीनं जमत नाही. पहिल्या सहा महिन्यांत अवयव घडतात, हाडांचे साचे कूर्चेत उभे राहतात. त्या साच्यांत खनिज भरण्याचं काम मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत होतं. सुमारे ८० टक्के भरणा याच काळातला. मराठवाड्यात पूर्वी सुगी झाली की पेव भरत आणि पुढचं वर्ष त्यावर काढत. बाळाचा सांगाडा हे तसंच पेव आहे आणि त्याची सुगी सातव्या ते नवव्या महिन्यात येते. अठ्ठाविसाव्या किंवा तिसाव्या आठवड्यात जन्मलेलं बाळ ही सुगी पाहायच्या आतच बाहेर आलेलं असतं.

अशा बाळाचा श्वास सांभाळण्याची साधनं आज जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत. वॉर्मर आहेत, काचेची पेटी आहे, ऑक्सिजन आहे, जंतुसंसर्गावर औषधं आहेत. या गोष्टींकडे डॉक्टरांचं, परिचारिकांचं आणि घरच्यांचं लक्ष असतं, कारण तिथली चूक तासाभरात दिसते. हाडांतली उणीव मात्र सहा ते बारा आठवडे गप्प राहते. तोवर बाळ घरी गेलेलं असतं, बाळसं धरू लागलेलं असतं, घरातली काळजी ओसरलेली असते. म्हणून या पुस्तिकेचं म्हणणं सुरुवातीलाच मांडतो. बाळ जगलं की आपलं अर्धं काम झालं. गर्भातले जे महिने त्याला मिळाले नाहीत, त्या महिन्यांचं कॅल्शियम आणि फॉस्फेट मोजून, जोडीनं, त्याच्यापर्यंत पोचवणं हे उरलेलं अर्धं काम आहे. आणि ते लोहाऱ्यासारख्या तालुक्यातही पार पाडता येतं.

लोहारा हे धाराशिव जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. निम्न तेरणेचं माकणी धरण याच तालुक्यात आहे, आणि सास्तूरही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपानं सास्तूर आणि आसपासची गावं जमीनदोस्त केली. ढिगाऱ्याखालून माणूस जिवंत काढणं ही पहिली पायरी होती. त्याला पुन्हा घर, शेत, शाळा आणि दवाखाना मिळायला वर्षं लागली. सास्तूरचं स्पर्श ग्रामीण रुग्णालय त्या पुनर्वसनाच्या काळातूनच उभं राहिलं. वाचणं आणि उभं राहणं यांत किती अंतर असतं, हे इथल्या माणसांना वेगळं सांगावं लागत नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळाबद्दल नेमकं तेच अंतर आम्हाला दाखवायचं आहे.

या तालुक्यातलं बाराशे ग्रॅमचं बाळ सहसा इथे राहत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात त्याला ऊब आणि श्वास दिला जातो, आणि रुग्णवाहिका त्याला धाराशिवच्या नवजात शिशू विशेष काळजी कक्षात, लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत किंवा सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात घेऊन जाते. काही आठवड्यांनी ते परत येतं. बाळंतीण कधी सासरी येते, कधी दुसऱ्या तालुक्यातल्या माहेरी जाते. काही घरं हंगाम लागला की ऊसतोडीला निघतात. एका हाताकडून दुसऱ्या हाताकडे जाताना औषधाची बाटली बदलते, कागद हरवतो आणि हाडांचा हिशेब मध्येच तुटतो. हा प्रश्न एकट्या लोहाऱ्याचा नाही. २०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं ३७ आठवड्यांच्या आत जन्मली, त्यांतली ३० लाखांच्या आसपास भारतात. एवढी बाळं दुसऱ्या कोणत्याही देशात जन्मली नाहीत.

सातमाशी मूल जगतं, अठमाशी जगत नाही, असं आपल्याकडे अजून म्हटलं जातं. ते खरं नाही. गर्भात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या बाजूचा असतो. हाडांच्या बाबतीत तर बत्तीस ते छत्तीस हे आठवडे सगळ्यांत भरघोस. या काळात वार दर किलो वजनामागे दिवसाला १०० ते १३० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ६० ते ७५ मिलिग्रॅम फॉस्फरस बाळाकडे पाठवत असते. आईच्या रक्तात कॅल्शियम किती आहे, यावर ती विसंबून राहत नाही. बाळाच्या रक्तातलं कॅल्शियम आईच्या रक्तापेक्षा जास्त असतं, म्हणजे वार कॅल्शियम चढावर ढकलत असते. गर्भाच्या शरीराची ही घडण १९७६ मध्ये एकहार्ट झीग्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठवड्यागणिक आकड्यांत मांडली. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला बाहेर किती पोषण द्यायचं, हे ठरवताना आजही गर्भातल्या याच वेगाकडे पाहिलं जातं.

नाळ कापली की हा पुरवठा एका क्षणात थांबतो. पहिल्या चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत प्रत्येक बाळाच्या रक्तातलं कॅल्शियम खाली येतं. पूर्ण दिवसांचं बाळ यातून आपोआप सावरतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या पॅराथायरॉइड ग्रंथी अजून सुस्त असतात, दूध थेंबाथेंबानं सुरू झालेलं असतं. त्यामुळे रक्तातलं एकूण कॅल्शियम ७ मिलिग्रॅमच्या खाली जाऊ शकतं. बाळ थरथरतं, श्वास रोखतं, क्वचित झटके येतात. बऱ्याचदा बाहेरून काहीच दिसत नाही. शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट द्यावं लागतं आणि ते देताना हृदयाच्या ठोक्यांकडे डोळे लावून बसावं लागतं, कारण घाईनं दिलं तर ठोके मंदावतात आणि शिरेबाहेर झिरपलं तर कातडी जळते. सेफ्ट्रियाक्सोन हे प्रतिजैविक आणि शिरेतलं कॅल्शियम नवजात बाळाला एकत्र द्यायचं नाही, हाही नियम इथलाच. दोन्ही मिळून शरीरात साका तयार होतो. हा पहिल्या दोन-तीन दिवसांचा प्रसंग रुग्णालयातले लोक चांगला ओळखतात. पुढचं मात्र कमी ओळखीचं आहे.

कॅल्शियमचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या गोळ्या, सायरप, जाहिराती घरोघरी पोचल्या आहेत. फॉस्फेटचं नाव कोणी घेत नाही. पण हाड या दोघांच्या स्फटिकानं बनतं, आणि त्यात वजनानं साधारण दोन भाग कॅल्शियम तर एक भाग फॉस्फरस असतो. एक कमी पडला की दुसरा कितीही असला तरी निरुपयोगी ठरतो. शिवाय फॉस्फेट फक्त हाडाला लागत नाही. प्रत्येक पेशीचं आवरण, जनुकं, स्नायूंना बळ देणारं रसायन, या सगळ्यांत ते आहे. बाळ वाढू लागलं की मऊ अवयव आधी आपला वाटा उचलतात. हाडाला उरेल ते मिळतं.

यातून एक फसवं चित्र तयार होतं. शिरेतून प्रथिनं सुरू केली की पेशी भराभर वाढतात आणि रक्तातला फॉस्फरस ओढून घेतात. फॉस्फरस नसल्यामुळे कॅल्शियमला हाडात जागा मिळत नाही. ते रक्तात साचतं आणि लघवीवाटे निघून जातं. तपासणीत कॅल्शियम जास्त दिसतं. मग सहज सुचतं ते असं की कॅल्शियम बंद करावं. खरी उणीव फॉस्फरसची असते, आणि ती न भरता कॅल्शियम काढून घेतलं तर हाड दोन्हीकडून उपाशी राहतं. १९७९ मध्ये अमेरिकेत जोनेल रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केवळ आईच्या दुधावर वाढणाऱ्या एका अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा मुडदूस नोंदवला. त्याचं मूळ फॉस्फरसच्या कमतरतेत होतं. मुडदूस म्हटलं की फक्त ड जीवनसत्त्व आठवायचं, ही सवय अशा नोंदींमुळे बदलू लागली.

उलट चूकही होते. कॅल्शियम कमी पडलं की पॅराथायरॉइड ग्रंथी जागी होते आणि हाडातून कॅल्शियम उपसून रक्तात आणते. रक्तातलं कॅल्शियम त्यामुळे ठीकठाक दिसत राहतं. आकडा बरा असतो आणि हाड झिजत असतं. त्याच वेळी ती ग्रंथी फॉस्फरस लघवीतून बाहेर टाकते. अशा बाळाला नुसतं फॉस्फेट दिलं तर कॅल्शियम आणखी खाली जातं आणि ग्रंथी आणखी चेकाळते. म्हणून जोडीनं, हा शब्द या पुस्तिकेत पुन्हा पुन्हा येईल. कुठलं किती कमी आहे हे पाहायला रक्तातला फॉस्फरस आणि अल्कलाइन फॉस्फटेज या दोन तपासण्या चौथ्या आठवड्यापासून दर एक-दोन आठवड्यांनी कराव्या लागतात. फॉस्फटेज ९०० युनिटांच्या वर आणि फॉस्फरस साडेपाच मिलिग्रॅमच्या खाली, अशी जोडी दिसली की हाडांकडे वळायला हवं. एक्स-रेची वाट पाहू नये. हाडातलं वीस ते चाळीस टक्के खनिज गेल्याखेरीज एक्स-रेवर काही उमटत नाही.

आता आईच्या दुधाकडे येऊ, कारण गैरसमजाची सगळ्यांत मोठी जागा तीच आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी आईच्या दुधाला पर्याय नाही. आतड्याचा जीवघेणा दाह आणि रक्तातला जंतुसंसर्ग यांपासून ते जेवढं वाचवतं तेवढं दुसरं कुठलंही दूध वाचवत नाही. महाराष्ट्रानं याचा धडा लवकर घेतला. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकारानं २७ नोव्हेंबर १९८९ रोजी आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू झाली. ज्या आईला दूध कमी आहे तिच्या बाळाला दुसऱ्या आईचं दूध तपासून, ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून देता येतं, हे तिथे रोजच्या कामातून दिसलं.

तरीही हिशेब मांडावाच लागतो. आईच्या १०० मिलिलिटर दुधात साधारण २५ ते ३० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि १३ ते १५ मिलिग्रॅम फॉस्फरस असतो. बाराशे ग्रॅमचं बाळ किलोमागे १६० मिलिलिटरच्या हिशेबानं दिवसाला १९० मिलिलिटर दूध घेतं असं धरू. त्याला किलोमागे ४० ते ४८ मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं. त्यातलं निम्मं ते दोन-तृतीयांश आतड्यातून रक्तात पोचतं. फॉस्फरस किलोमागे २१ ते २४ मिलिग्रॅम मिळतो. तो बराचसा शोषला जातो, पण मुळातच थोडा असतो. गर्भात वार जे देत होती, त्याच्या पाव ते तृतीयांश भागावर बाळ येऊन थांबतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ मध्ये, आईच्या दुधावर असलेल्या दीड किलोखालच्या बाळांसाठी किलोमागे १२० ते १४० मिलिग्रॅम कॅल्शियम, ६० ते ९० मिलिग्रॅम फॉस्फरस आणि रोज ४०० ते १००० युनिट ड जीवनसत्त्व सुचवलं, ते याच तुटीसाठी.

या तुटीचा दोष आईचा नाही. तिचं दूध पूर्ण दिवसांच्या बाळासाठी अगदी योग्य आहे, कारण त्या बाळानं आपला साठा सोबत आणलेला असतो. डिंकाचे लाडू, हाळीव, शेपू, तीळ, दूध हे बाळंतिणीला अवश्य मिळावं, ते तिच्या स्वतःच्या हाडांसाठी. दुधातलं कॅल्शियम त्यानं वाढत नाही आणि तिनं कमी खाल्लं म्हणून फारसं घटतही नाही. शरीर ते तिच्या हाडांतून काढून दुधात घालतं. तेव्हा बाळाची हाडं कच्ची निघाली म्हणून सुनेच्या खाण्यापिण्यावर बोट ठेवणं अन्यायाचं आहे. जिनं चिमुकल्या बाळासाठी दर दोन-तीन तासांनी वाटीत दूध पिळून काढलं, तिला त्या घरानं धीर द्यावा.

उपाय दुधात भर घालण्याचा आहे, दूध बदलण्याचा नाही. दीड किलोच्या आतल्या बाळाला किलोमागे १०० मिलिलिटरच्या आसपास दूध पचू लागलं की रुग्णालयात आईच्याच दुधात एचएमएफ नावाची भुकटी मोजून मिसळतात. तिच्यात प्रथिनं, कॅल्शियम, फॉस्फरस आणि इतर क्षार ठरलेल्या प्रमाणात असतात. जिथे ती मिळत नाही किंवा परवडत नाही, तिथे कॅल्शियम आणि फॉस्फेट दोन्ही असलेलं सायरप दिवसभरातल्या दुधांत वाटून देतात. बाटली घेताना लेबलवर फॉस्फेट आहे ना हे पाहायचं. बाजारातल्या पुष्कळ कॅल्शियमच्या औषधांत ते नसतं. ही दोन्ही खनिजं शिरेतून द्यायची वेळ आली तर जबाबदारी आणखी वाढते, कारण साधे क्षार एका बाटलीत जास्त प्रमाणात एकत्र आले की त्यांचा साका बसतो. अशा साक्यामुळे मृत्यू झाल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनानं १९९४ मध्ये इशारा दिला होता. सेंद्रिय फॉस्फेट वापरलं की हा धोका पुष्कळ टळतो. तो तपशील परिचारिकांसाठीच्या प्रकरणात सविस्तर येईल.

वरच्या दुधाबद्दल इथेच बोलायला हवं, कारण हा जिल्हा शेळीसाठी देशभर ओळखला जातो. उस्मानाबादी शेळी काटक, दुष्काळातही टिकणारी. अनेक भूमिहीन आणि अल्पभूधारक घरांचा ती आधार आहे. शेळीचं दूध हलकं असतं, आईला दूध आलं नाही तर बाळाला ते पाजावं, असा सल्ला वडीलधारी माणसं मायेनंच देतात. पण गाईच्या किंवा शेळीच्या दुधात फॉस्फरस आईच्या दुधाच्या सहा-सात पट असतो. नवजात बाळाच्या मूत्रपिंडांना तो बाहेर टाकता येत नाही. रक्तात फॉस्फरस चढतो, कॅल्शियम कोसळतं, आणि जन्मानंतर पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास चांगलं दिसणाऱ्या बाळाला झटके येऊ शकतात. ज्या बाळाला फॉस्फरस कमी पडतो म्हणून आपण काळजी करतो, त्याच बाळाला तो एकदम फार दिला तर असा घात होतो. शेळीच्या दुधात फोलेटही नगण्य असतं, त्यामुळे पुढे रक्त कमी होतं. पाणी घालून पातळ केलेलं दूध तर उष्मांकही देत नाही. आईचं दूध कमी असेल तर ते वाढवण्यासाठी मदत घ्यावी, पेढीचं दूध मिळतं का पाहावं, आणि तेही नसेल तर कोणतं दूध द्यायचं हे डॉक्टरांना ठरवू द्यावं.

बाळ घरी आल्यावर काय पाहायचं, हा या पुस्तिकेचा गाभा आहे. टाळू फार रुंद वाटणं, मनगटं जाड दिसणं, बरगड्यांवर मण्यांसारख्या गाठी लागणं, लांबी न वाढणं, एखादा हात किंवा पाय न हलवणं, कपडे बदलताना कळवळून रडणं, यातलं काहीही दिसलं तर थांबायचं नाही. अशा बाळाचं हाड साध्या हाताळण्यानंही मोडू शकतं. न्हाऊ घालणाऱ्या बाईचा अनुभव मोठा असतो. तरी या बाळाला रगडून मालिश, हातपाय ताणून केलेले व्यायाम, पाय धरून उलटं टांगणं, हे काही महिने पूर्ण बंद ठेवावं. हलक्या हातानं तेल लावायला हरकत नाही. हाडाला हालचाल हवी असते, पण ती अलगद. आईच्या, वडिलांच्या किंवा आजीच्या छातीशी उघड्या अंगानं बांधून ठेवलेलं बाळ उबेत राहतं, जास्त दूध पितं आणि मोकळेपणी हातपाय हलवतं. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झालेली ही कांगारू पद्धत आता आपल्या जिल्हा रुग्णालयांत शिकवली जाते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतासह पाच देशांतल्या चाचणीत, ती जन्मानंतर लगेच सुरू केल्यानं नवजात मृत्यू चतुर्थांशानं घटल्याचं दिसलं.

ड जीवनसत्त्वाचे थेंब रोज द्यायचे असतात, आणि इथे मापाची चूक सर्रास होते. कुठल्या बाटलीत एका मिलिलिटरला ४०० युनिट असतात, कुठल्या बाटलीत ८००. बाटली बदलली की थेंबांचं मापही बदलतं. मोठ्या माणसांसाठी मिळणारी ६० हजार युनिटांची पुडी या बाळाच्या जवळपासही येऊ नये. कोवळं ऊन दाखवल्यानं खनिजाची तूट भरत नाही. ड जीवनसत्त्व आतड्यातून कॅल्शियम शोषायला मदत करतं, पण शोषायला ते दुधात असावं लागतं. लोह आणि कॅल्शियमही एका वेळी देऊ नये, कारण कॅल्शियम लोहाला अडवतं.

घरातल्या नवजात बाळाची काळजी गावातली प्रशिक्षित बाई घेऊ शकते, हे महाराष्ट्रानंच जगाला दाखवलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेनं १९९५ पासून गडचिरोलीतल्या ३९ गावांत हे काम केलं. तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झालेला दिसला, आणि ते निष्कर्ष १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये आले. २०११ मध्ये आशाताईंच्या गृहभेटींचा राष्ट्रीय कार्यक्रम त्याच वाटेनं आला. आपल्या जिल्ह्यात अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं गावातल्या बायकांना भारतवैद्य म्हणून तयार केलं. त्यामुळे ही कल्पना धाराशिवला परकी नाही. आशाताईंच्या ठरलेल्या भेटी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी होतात. त्यानंतरची ठरलेली भेट तिसऱ्या महिन्यात येते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची हाडं कच्ची पडू लागतात ती सहाव्या ते बाराव्या आठवड्यात. म्हणजे नेमक्या धोक्याच्या काळात भेटीचं वेळापत्रक विरळ होतं. दीड किलोखाली जन्मलेल्या बाळासाठी आठव्या आणि दहाव्या आठवड्यात एकेक जादा भेट व्हावी, असं आमचं आग्रहाचं म्हणणं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ मध्ये जन्मलेल्या, दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांचा अठरा वर्षांपर्यंत मागोवा घेतला. अशा मुलांची काळजी रुग्णालयाच्या दारात संपत नाही, हे त्यांनी चिकाटीनं दाखवून दिलं.

एक दिलासा द्यायला हवा. वेळेवर दोन्ही खनिजं मिळाली तर बहुतेक बाळांची हाडं वर्ष-दोन वर्षांत भरून येतात. मोडलेली हाडंही सहसा प्लास्टरशिवाय, फक्त जपून हाताळल्यानं जुळतात. वाढ हीच त्यांची ताकद असते. तिला साहित्य पुरवावं लागतं.

आणि काही काम जन्माच्या आधीचं आहे. सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गरोदर बाईला चौदाव्या आठवड्यापासून रोज दोन वेळा ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळायला हवं, बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंतही. ज्वारीच्या भाकरीवर आणि डाळीवर चालणाऱ्या आहारात दूध कमी असेल तर ही गोळी रक्तदाबाचा धोका घटवते. गरोदरपणातला वाढलेला रक्तदाब हे वेळेआधी बाळंतपण करावं लागण्याचं एक मोठं कारण आहे. या गोळ्या उपकेंद्रावर मोफत असतात. लोहाच्या गोळीपासून त्या दोन तास लांब ठेवायच्या.

पुस्तिकेची मांडणी वाचकांप्रमाणे केली आहे. पहिला भाग आईवडिलांसाठी आणि आजीसाठी, मोठ्या अक्षरांत. दुसरा आशाताई आणि अंगणवाडीताईंसाठी. तिसरा परिचारिका आणि तालुक्यातल्या डॉक्टरांसाठी; मात्रांची कोष्टकं फक्त तिथे आहेत. आईवडिलांनी ती पाहून स्वतः औषध ठरवू नये, कारण मूत्रपिंडाचा आजार किंवा इतर औषधं चालू असलेल्या बाळाचं गणित वेगळं असतं. फुरोसेमाइड, स्टेरॉइड, बरेच दिवस शिरेतून चाललेलं पोषण, आतड्याचा आजार, यांतलं काही झालेल्या बाळाची हाडं जास्त जपावी लागतात.

शेवटी एक मागणी, रुग्णालयांकडे आणि घरांकडे मिळून. दीड किलोखालच्या प्रत्येक बाळाला घरी सोडताना कार्डावर मराठीत चार ओळी असाव्यात : शेवटचा फॉस्फरस आणि फॉस्फटेज किती व कोणत्या तारखेचा, कॅल्शियम-फॉस्फेटचं सायरप किती मिलिलिटर, किती वेळा, कधीपर्यंत, ड जीवनसत्त्वाचे किती युनिट म्हणजे या बाटलीचे किती थेंब, आणि पुढची रक्ततपासणी कुठे व कधी. डॉक्टरांना हे लिहायला दोन मिनिटं लागतात. आशाताईला त्यामुळे घरी गेल्यावर काय विचारायचं ते कळतं. आईला कळतं की बाटली संपली तर दुकानात कोणती मागायची. ऊसतोडीच्या गावात नवा डॉक्टर भेटला तर त्यालाही पुढचं पाऊल कळतं. या चार ओळी नसतील तर कार्ड घेऊ नका, शांतपणे उभं राहून त्या लिहून मागा. हा तुमचा हक्क आहे, आणि तुमच्या बाळाच्या उरलेल्या तीन महिन्यांची तजवीज याच चार ओळींनी होते.